मांडवाबाहेरचा आवाज

ही गोष्ट खरी आहे.

तुम्ही म्हणाल, सगळेच असं म्हणतात. म्हणू देत. माझ्याकडे फाईल आहे. तिच्यावर तारीख आहे, वेळ आहे. गेल्या वर्षीचा २४ एप्रिल, गुरुवार. दुपारी एक वाजून सात मिनिटं. ठिकाण हमरापूर, पेण तालुका.

हो, दुपारी.

अमावस्या, बाराचे ठोके, कुत्र्यांचं रडणं, यातलं इथे काही नाही. ज्यांना ते हवं असेल त्यांनी दुसऱ्या कुणाची गोष्ट वाचावी. माझ्याकडे जे झालं ते भर उन्हात झालं, लोकांच्या जेवणाच्या सुट्टीत.

मी ऋतुजा. वय चौतीस. गाणी मिक्स करणं हा माझा धंदा. मुंबईत एका स्टुडिओत सहा वर्षं काढली, मग परत आले आणि मावशीच्या गणपती कारखान्याच्या वरच्या खोलीत स्वतःचं दुकान मांडलं. एक माईक, एक कॉम्प्युटर, दोन स्पीकर, भिंतींना जुन्या गोधड्या. हळदीची गाणी, कोळीगीतं, शाळेची स्वागतगीतं, जे येईल ते करते. बाईमाणसाला हे मशीन जमतं का, असं विचारणारे पहिल्या वर्षी खूप भेटले. आता तेच गाणी घेऊन जिना चढतात.

खाली मूर्ती रंगवायचा कॉम्प्रेसर दिवसभर घरघरत असतो. तो चालू असताना माईक लावण्यात अर्थ नाही. म्हणून माझं सगळं रेकॉर्डिंग एक ते दोनमध्ये होतं. कारागीर डबे उघडतात, कॉम्प्रेसर बंद होतो, आणि तासभर खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येते.

त्या गुरुवारी मितेश आजीला घेऊन आला.

मितेश डोलवीला कंपनीत कंत्राटी कामाला आहे. शिफ्ट बदलून आला होता. त्याची आजी, सरू, खाडीकाठच्या गावातली धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर, धवलारीण आधी. हळद दळण्यापासून प्रत्येक विधीला तिचं गाणं लागतं. सरूआजीने पन्नास वर्षांत किती लग्नं लावली याचा हिशोब कुणाकडे नाही.

आता तिच्या घशात गाठ होती. सोमवारी ऑपरेशन. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, स्वरयंत्र काढावं लागेल. त्यानंतर आवाज नाही. आणि १८ मेला तिच्या नातीचं, करिश्माचं लग्न.

मितेशचं म्हणणं एवढंच होतं, आजीचा आवाज आत्ता भरून घ्यायचा आणि लग्नात स्पीकरवर लावायचा. गावभर गायली ती बाई, स्वतःच्या नातीच्या मांडवात गप्प कशी बसेल?

म्हणजे दुसरा टेक वगैरे भानगड नव्हती. जे होईल ते त्या एका तासात.

आजी माईकसमोर बसली. आवाज खरखरीत झाला होता, पण सूर जागेवर. एक ओळ म्हणायची... आणि थांबायची. बरोबर एका ओळीएवढं. मग पुढची ओळ. मग पुन्हा तेवढंच थांबणं.

मला वाटलं दम लागतोय. पाणी देऊ का विचारलं.

"सवय हाय गो माझी," ती म्हणाली. "तू तुजा काम कर."

मी माझं काम केलं. तिथेच माझी चूक झाली.

शुक्रवारी दुपारी मी फाईल उघडली. आजीच्या ओळींमधल्या जागा बघितल्या. स्क्रीनवर सपाट रेघ, आवाज शून्य. लग्नात स्पीकरवर एवढी शांतता बरी दिसत नाही, लोकांना वाटतं पेन ड्राईव्ह बिघडला. म्हणून मी त्या सगळ्या जागा कापल्या आणि ओळीला ओळ जोडली. बारा मिनिटांचं गाणं सहा मिनिटांत आलं. मितेशने आधीच सांगून ठेवल्यामुळे भरून घेतलेली ढोलकी, सनई आणि बेंजो त्याखाली बसवले, आणि स्वतःवर खूशही झाले.

मग ईक्यू लावायला घेतला.

ईक्यू म्हणजे फार मोठं शास्त्र नाही. कुठल्याही आवाजाला खालचा भाग असतो, मधला असतो, वरचा असतो. खाली ढोलकीची थाप, मध्ये माणसाचा गळा, वर श्वास आणि अक्षरांची धार. स्क्रीनवर एक रेघ असते, तिच्याखाली खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत हर्ट्झचे आकडे. तिच्यात टेकडी काढली की तो भाग वाढतो, खड्डा पाडला की कमी होतो. सगळ्यांनी एकाच ठिकाणी गर्दी केली तर गाणं गढूळ होतं. मग बेंजोमध्ये खड्डा पाडायचा, म्हणजे तिथे गळा बसतो. ढोलकी थोडी खाली दाबायची, म्हणजे बेंजो मोकळा होतो. थोडक्यात, मी सगळ्यांना जागा करून देते.

कानाला खुपणारा एखादा सूर शोधायचा असेल तर उलटी युक्ती करतात. एक बारीक, उंच टेकडी काढायची आणि ती हळूहळू सरकवत न्यायची. खुपणारं जे काही असेल ते त्या जागी ओरडून उठतं. सापडलं की तिथेच खड्डा.

मी टेकडी सरकवत होते. दोनशे. अडीचशे.

तीनशेच्या जवळ काहीतरी उठलं...

मला वाटलं खोलीचा घुमारा असेल. पुन्हा मागे नेऊन ऐकलं.

एक बाई गात होती.

सरूआजी तर गातच होती. तिच्या आवाजाखाली अजून एक बाई गात होती.

शेजारच्या घरातला टीव्ही भिंतीतून कसा ऐकू येतो, आठवा. नुसतं घुमतं. बोलतंय कुणीतरी हे कळतं, काय ते कळत नाही. वरचा भाग भिंत खाऊन टाकते. तो आवाज तसा होता. पाचशेच्या वर काहीच नाही. आजी पुढची ओळ म्हणत होती आणि ही बाई तिच्या अंगावरून मागची ओळ म्हणत होती.

खिडकीतून खाली पाहिलं. कारागीर जेवत होते. रेडिओ नाही, मोबाईल नाही. आणि मुळात हे कालचं रेकॉर्डिंग. काल त्या खोलीत मी, मितेश आणि आजी, एवढेच.

मी भित्री नाही. मुंबईत लोकांनी मला तीन-तीनदा रडवायचा प्रयत्न केला आहे, नाही रडले. काहीतरी तांत्रिक असेल म्हणून फाईल बंद केली आणि डबा खाल्ला.

शनिवारी पुन्हा उघडली.

आवाज पाचशेवर थांबला नव्हता. दीड हजारापर्यंत आला होता.

याचा अर्थ ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. माणूस लांब असला, भिंतीआड असला, की त्याच्या आवाजाचा वरचा भाग आपल्यापर्यंत पोचत नाही. तो जसा जवळ येतो तसा आवाज उजळत जातो.

ती बाई जवळ येत होती.

आता शब्दही कळत होते. आजीचेच शब्द, आजीनेच आदल्या ओळीला म्हटलेले. गळा मात्र आजीपेक्षा जाड.

मग मला राग आला. खरं सांगते, आधी राग आला, भीती नंतर. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये मला न विचारता घुसणारी ही कोण? मी तीनशेला खोल खड्डा पाडला. ती गेली. पण तिच्याबरोबर सरूआजीचा अर्धा गळाही गेला. आजी पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखी ऐकू येऊ लागली. दोघींचा आवाज नेमका एकाच ठिकाणी बसत होता. एकीला काढलं की दुसरी जात होती.

आणि ती गेलीही नव्हती...

पूर्ण गाणं लावलं तर ती होतीच. मी एकेक वाद्य वेगळं करून ऐकत गेले. ढोलकी, स्वच्छ. सनई, स्वच्छ. बेंजो...

बेंजो माझ्या नेहमीच्या बेंजोवाल्याने, ऋत्विकने वाजवला होता. रोह्याला, त्याच्या घरी, आठवडाभर आधी. त्यात मी आजीच्या गळ्यासाठी खड्डा पाडून ठेवला होता.

ती त्या खड्ड्यात बसून गात होती.

मी कॉम्प्युटर बंद केला. जिना उतरून खाली गेले आणि अर्ध्या रंगवलेल्या गणपतींच्या रांगेत जाऊन उभी राहिले. मावशीने विचारलं, काय गं? मी म्हटलं, उकडतंय.

रविवारी मितेश गाणं ऐकायला आला. सोबत दत्ताकाका. हे सरूआजीचे धाकटे दीर, भावकीतले मोठे. त्यांच्या शब्दाशिवाय त्या घरात मांडवाचा खांब उभा राहत नाही. मी त्यांना काही न सांगता गाणं लावलं. माझ्या कानांना काही झालंय का, हे मला बघायचं होतं.

मितेश पहिल्या कडव्याला गोंधळला. दत्ताकाकांचा चेहरा मात्र उतरला. ते दाराकडे सरकले. मग स्वतःला सावरून परत आले आणि बोट स्क्रीनकडे केलं.

"ही बाई मांडवात नको," ते म्हणाले. "तवा नव्हती, आता पन नको. काढ तिला."

"कुठली बाई, काका?" मी विचारलं. "मी एकाच बाईचं रेकॉर्डिंग केलंय."

काका वळले. भराभर जिना उतरून निघून गेले. मितेश मागे राहिला आणि त्याने मला सगळं सांगितलं.

तिचं नाव भागी. वाडीवरची, कातकऱ्यांची. सरूआजी आणि ती तरुणपणी एकाच मिठागरावर कामाला होत्या. मीठ ओढता ओढता आजी गायची आणि भागी ओळ मागून उचलायची. धवलारिणीच्या मागे ओळ उचलायला कुणीतरी लागतंच, आणि भागीसारखी कुणीच उचलायची नाही. म्हणून आजी तिला लग्नांना नेऊ लागली. पण मांडवात तिला कोण घेणार? ती मांडवाबाहेर, कापडामागे, जळणाच्या लाकडांपाशी बसायची. आजी आत एक ओळ म्हणायची, भागी बाहेरून ती उचलायची. तीस वर्षं असं चाललं.

अकरा वर्षांपूर्वी भागी वारली. तेव्हापासून आजी प्रत्येक ओळीनंतर थांबते. दुसरी कुणी बसवली नाही. लोक म्हणायचे, म्हातारी झाली, दम घेते.

म्हणजे मी जे सपाट, रिकामं म्हणून कापून टाकलं होतं, ती भागीची जागा होती.

माझी मलाच लाज वाटली. मीही आगरीच आहे. लहानपणी मीही मांडवात पहिल्या रांगेत बसून ती गाणी ऐकलेली आहेत. कापडामागून कोण गातंय, हे बघायला एकदाही उठले नाही.

सोमवारी आजीचं ऑपरेशन झालं. मंगळवारी मी हमरापूरहून गाडी पकडून रोह्याला गेले. भागीची मुलगी जनी तिकडे वाडीवर राहते, शेतावर मजुरीला जाते. मितेशने नको नको म्हटलं होतं, उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला, ताई. पण मला खात्री करायची होती. आणि विचारायचंही होतं.

जनी पन्नाशीची असेल. अंगणात भाताची पोती शिवत बसली होती. मी काय ते खरं खरं सांगितलं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि हेडफोनसाठी हात पुढे केला.

ती बराच वेळ ऐकत राहिली. हातातली सुई तशीच.

"आय हाय माझी," ती म्हणाली.

मग हेडफोन कानावर घट्ट दाबून धरला. थोड्या वेळाने म्हणाली, "पन असा आवाज मी कदी ऐकला नाय गो. ती घरात गायची नाय. लग्नात गायची, ती बाहेरून. ही तर आत आलीय."

मी लॅपटॉपवर बघितलं. सकाळी गाडीत बसताना आवाज अडीच हजारापर्यंत होता. आता चार हजार...

मी तिला विचारलं, काढू का?

जनीने हेडफोन उतरवून माझ्या मांडीवर ठेवला आणि पोतं पुन्हा शिवायला घेतलं. आपल्या आईला कुणी विचारून बाहेर ठेवली नव्हती, मग आता काढायचं तेवढं विचारून कशाला, असं ती म्हणाली. रागाने नव्हे. एखाद्याला वाट सांगावी तसं.

परतीच्या गाडीत मी ठरवलं, काढायची नाही. मग होईल ते होईल.

सरूआजीला मेच्या दुसऱ्या आठवड्यात घरी आणलं. गळ्याला पट्टी, बोलणं कायमचं बंद. मी भेटायला गेले आणि माझं ते सहा मिनिटांचं, जोडून घेतलेलं गाणं तिला ऐकवलं. दोघी एकमेकींवर पडून गात होत्या. आजीने हेडफोन खेचून काढला. डोळे लाल. मला वाटलं भागीचा आवाज ऐकून घाबरली.

घाबरली नव्हती. चिडली होती. माझ्यावर.

तिने दोन्ही तळवे माझ्या तोंडासमोर धरले आणि एकमेकांपासून लांब नेले. मग मधल्या रिकाम्या हवेवर बोट ठेवलं. दोनदा. तिसऱ्यांदा माझ्या कपाळावर टिचकी मारली.

जागा सोड, अकलेच्या कांद्या. एवढं कळायला तोंडाने बोलायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी एक वाजता कॉम्प्रेसर बंद झाला. मी मूळ फाईल काढली आणि सगळ्या जागा होत्या तशा परत ठेवल्या. बारा मिनिटं.

प्ले केलं. आजीची पहिली ओळ. मग ती जागा. स्क्रीनवर सपाट रेघ...

रेघ हलली.

भागीने ओळ उचलली. भिंतीआडून नाही. पाचशे, हजार, चार हजार, आठ हजार, सगळं उजळ, सगळं स्वच्छ. ओठ उघडल्याचा आवाजही होता. माईकपासून वीतभर अंतरावर बसल्याशिवाय असा आवाज येत नाही. आता ती आजीच्या अंगावरून गात नव्हती. आजी थांबली की ही, ही थांबली की आजी.

गाणं संपलं. शेवटी तिने श्वास घेतला. लांब, दमलेला.

मी हेडफोन काढले.

श्वास थांबला नाही.

उजव्या बाजूला, माझ्या खुर्चीला लागून, कुणीतरी दम घेत होतं. खाली कारागिरांचे डबे वाजत होते, खिडकीतून ऊन येत होतं, आणि माझ्या दंडावर काटा उभा होता. ओल्या मिठाचा वास आला.

पळाले असते तर कुणी नावं ठेवली नसती. पण खोली माझी आहे. पै पै जमवून उभी केलेली. मी माझ्या खोलीतून का पळू?

"बस," मी म्हटलं. "इथे कुणी उठवणार नाही."

मग मी कामाला लागले. तिच्या ओळी वेगळ्या काढून दुसऱ्या ट्रॅकवर ठेवल्या आणि ट्रॅकला नाव दिलं, भागी. तिला आजीपेक्षा वेगळा ईक्यू लागत होता. तिचा गळा खालून भारी, म्हणून दोनशेला थोडं दाबलं. तीन हजारावर हलकी टेकडी काढली, म्हणजे शब्द शेवटच्या रांगेपर्यंत जातील. बेंजोला दोघींसाठी दोन वेगळे खड्डे. दोन वाजता खाली कॉम्प्रेसर सुरू झाला तेव्हा माझी पाठ घामाने ओली होती आणि गाणं झालं होतं. आजवर केलेलं सगळ्यात चांगलं काम.

मितेशने फोन केला. काकांनी निरोप दिला होता, तिच्याशिवायची फाईल हवी. मी सांगितलं, तशी फाईल नाही. तिला काढलं तर तुझी आजीपण जाते, मी करून बघितलंय. घ्यायचं तर दोघींना घ्या, नाहीतर काकांनाच उभं करा गायला. मितेश येऊन हीच फाईल घेऊन गेला.

१८ मे, रविवार. सकाळी साडेअकरा. मांडव भरलेला. सरूआजी बायकांमध्ये पुढे, सतरंजीवर. मी मुद्दाम साऊंडवाल्याच्या टेबलापाशी उभी राहिले.

गाणं सुरू झालं. आजीची ओळ मांडवभर घुमली. कुणी पदर डोळ्यांना लावला. मग आजी थांबली, आणि भागीने ओळ उचलली.

म्हाताऱ्या बायकांनी माना वर केल्या. त्यांना ओळख पटली होती.

दत्ताकाका तरातरा टेबलापाशी आले. साऊंडवाल्याला म्हणाले, बंद कर. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही. काकांनी स्वतः हात घालून बटण खाली ओढलं.

स्पीकर बंद झाले. सरूआजीचा आवाज मध्येच तुटला.

दुसरा तुटला नाही...

मी स्पीकरला हात लावून पाहिला. पडदा थरथरत नव्हता. मशीनचे दिवे खाली. आवाज बायकांच्या मधून येत होता. आजीची तुटलेली ओळ तिने पूर्ण केली. मग थांबली. बरोबर एका ओळीएवढी. आजी तोंड हलवत होती, आवाजाशिवाय. तिची ओळ झाली की ही उचलायची. पंखे तेवढे फिरत होते.

मग सरूआजीने लुगड्याचा घोळ आवरला आणि थोडी बाजूला सरकली. कुणी बसायला आलं की आपण सरकतो तशी. तिच्या शेजारची बाई सरकली. मग तिच्या पलीकडची. कुणी कुणाला सांगितलं नाही. सतरंजीवर आजीच्या डाव्या हाताला एका माणसाची जागा झाली.

गाणं संपल्यावर करिश्मा उठली. मुंडावळ्या सावरत आजीच्या पाया पडली. आजीने तिचा हात धरून त्या जागेकडे नेला. पोरीने इकडेतिकडे पाहिलं नाही. तिथेही वाकली.

काका मांडवाबाहेर जाऊन बसले. जळणाच्या लाकडांपाशी. जेवायलासुद्धा आत आले नाहीत.

त्या दिवसाचे आठ-दहा व्हिडिओ मी मागून घेतले. सगळ्यांत गाणं बंद झाल्यावर फक्त पंख्याचा आवाज आहे. बायका सरकताना मात्र दिसतात. साऊंडवाल्याने नंबर बदलला आहे. सरूआजी श्रावणात गेली.

लग्नाच्या संध्याकाळी मी जनीला फोन करून सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "तिचा पान वाढला काय?"

जागा केली होती. पान कुणी वाढलं नव्हतं. मीही नाही. मी पोटभर जेवून आले होते.

यात कुणाला काय कळायचं ते कळो. कुणी म्हणतं वायरीत करंट राहिला असेल. कुणी म्हणतं बायकांना भास झाला. मी वाद घालत नाही. मला जे सांगायचं आहे ते वेगळंच आहे.

गेल्या महिन्यात एका शाळेचं स्वागतगीत आलं. दुपारी एक वाजता मुलींचे आवाज भरून घेतले आणि दुसऱ्या दिवशी ईक्यू लावायला बसले. टेकडी सरकवत तीनशेपाशी आले...

भिंतीआडून कुणीतरी गात होतं. भागी नव्हे. तिचा गळा मी आता झोपेतही ओळखेन. ही दुसरी. तिच्यामागे अजून एक. त्यांच्याही मागे एक पुरुष. नीट मोजलं, सात जण. गाणी वेगवेगळी, भाषाही सगळ्या मला कळल्या नाहीत.

मावशी म्हणते उतारा टाक. मितेश म्हणतो, ताई, ती हार्डडिस्क खाडीत बुडव आणि मोकळी हो. दत्ताकाकांचा निरोप आला, तूच बोलावलंस, आता तूच निस्तर.

भीती वाटते. झोप उडाली आहे. एकेकदा कॉम्प्रेसर बंद होऊच नये असं वाटतं. पण एकदा जागा करून दिल्यावर आता दार लावून घेऊ? हे माझ्याच्याने होणार नाही. कुणाला यायचं असेल त्याने यावं, सात पानं मी वाढून ठेवली आहेत.

काल तपासलं. दोन हजाराच्या वर आलेत.

उद्या एक वाजता मी बसणार आहे.